पालथं नाणं

प्रिय ओब्री,

अक्षरं वाकडी आली तर हसू नकोस. तूच शिकवलीस मला, तीही नाण्याच्या ठशावर उलटी कोरताना, त्यामुळे इतकी वर्षं झाली तरी घाईत माझी दोन-चार अक्षरं उलटी पडतातच. आज घाई आहे. इंदासची होडी वारा धरला की सुटणार, आणि वारा कधी धरेल ते इंदासलाही ठाऊक नाही. सकाळीच बजावून गेला, "ताई, काय लिहायचं ते आत्ता लिही, मी कुणासाठी थांबायचा नाही." आता धक्क्यावर बसून कांदा-भाकर खात असेल. मी भट्टीपाशी ऐरणीवर पान पसरून बसलेय, घरात एवढी सपाट जागा दुसरी नाही. दारात एक शिपाई उभा आहे. त्याच्याबद्दल पुढे लिहिते. उन्हात उभा होता म्हणून त्याला पाणी दिलं, तर आधी मला प्यायला लावलं आणि मग तो प्यायला.

आधी बाबांचं सांगते. तब्येत बरी आहे. दोन्ही डोळ्यांवर आता साय आली आहे. उजव्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, डाव्याला तेही नाही. भाकरी द्राक्षाच्या घट्ट पाकात बुडवून दिली तरच खातात. हरभरे आवडतात, पण देऊ नयेत, पोट फुगतं आणि मग चिडतात. आंघोळीचं पाणी कढत झालं तरी त्यांना वेळेवर कळत नाही, आधी आपलं कोपर बुडवून बघावं लागतं. हात धरलेला चालत नाही. आपण पुढे चालायचं आणि थोडं पाय आपटत चालायचं, ते आवाजामागून बरोबर येतात. संध्याकाळी आडवे झाले की न चुकता विचारतात, "बांधलाय ना?" मी म्हणते, "बांधलाय, बाबा." मग कूस वळवतात आणि झोपतात. तू म्हणशील, ताई हे काय लिहीत बसली. वाच तू, घाई मला आहे, तुला नाही.

तो समुद्र उघडायचा दिवस आठवतो का तुला? तू एवढासा होतास, माझ्या कडेवर. थंडी सरून होड्या पाण्यात ढकलायच्या आधी देवाची साखळी तपासायची, तो मान आपल्या घराचा. आख्खं गाव चौकात. मधोमध आपल्या आरेसची, लढाईच्या देवाची, मूर्ती, गुडघ्यावर, हात मागे बांधलेले. एका बाजूला देवांचा निरोप्या हर्मीस, साखळीचं टोक हातात धरून, आणि दुसऱ्या बाजूला न्यायदेवी दिके आरेसकडे अशी बघतेय, जणू त्याने हिची कोंबडी चोरली आहे. बाबा एकेका कडीवर हातोडी मारून कान लावायचे आणि मी एका हाताने तुला सांभाळत मागून तेलाचं फडकं फिरवायची. मग पायऱ्यांवरून गाव ओरडायचं, "बांधलाय का?" आणि बाबा ओरडायचे, "बांधलाय." त्या वर्षी तू रडायला लागलास. त्याचे हात दुखत असतील, सोडा त्याला, म्हणून भोकाड पसरलंस. लोक हसले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "दुखू देत. हा सुटला की आपले दुखतात." चाच्यांनी गाव लुटून न्यायचे दिवस आपण कुणी पाहिलेले नाहीत. आपल्या आज्याच्या आज्याने पाहिले, आणि तेव्हा क्लारोसच्या देवळातून कौल आला, की रक्ताला चटावलेल्या त्या देवाला साखळदंड घाला, हर्मीसच्या ताब्यात द्या, दिकेसमोर गुडघ्यावर बसवा. तेव्हापासून तो बांधलेला आहे आणि आपण झोपतो. बाहेरच्यांना याचं हसू येतं. तुमच्या सिदेच्या नाण्यावर डाळिंब. डाळिंब सुटून कुठे पळणार आहे.

तू सिदेला गेलास तेव्हा बाबा काय बोलले ते तुझ्यापर्यंत आलं असेलच. साखळदंड घडवणाऱ्या घरातला पोरगा आता नखाएवढी चित्रं कोरणार, असं भट्टीवर आलेल्या प्रत्येकाला ऐकवायचे. तू पाठवलेले खारवलेले मासे खायचे आणि तुझं नाव काढायचे नाहीत. पण या हिवाळ्यात गादीवरचा माणूस बदलला, गावाला नव्या सम्राटाच्या चेहऱ्याची नाणी हवी झाली, आणि त्रोकोंदासने काम तुमच्या कारखान्याला दिलं. तेव्हापासून बाबांचं बघायला हवं होतंस. त्रोकोंदासचा कारभाराचा काळ, नाण्यावर त्याचं नाव येणार, म्हणून त्याला घाई. सणाच्या आधी पाहिजेत, शेजारच्या गावाआधी पाहिजेत. बाबांनाही घाई, पण ते कबूल कसे करणार. रोज विचारायचे, "सिदेहून काही माल येणार होता म्हणतात, आला का?" माल म्हणे.

तू मला पहिल्या छापाचं नाणं पाठवलंस ते अजून माझ्याकडे आहे. किती सुंदर आहे रे. तुझ्या लहानपणीच्या त्या रडण्याचं काहीतरी त्यात उतरलंय असं मला वाटतं, देवाची मान अशी थोडी खाली. आणि साखळी, केसाएवढी बारीक, पण एकेक कडी वेगळी. चेहऱ्याचा ठसा काय, तुम्ही चार गावांना एकच वापरता, सम्राट सगळ्यांचा सारखाच. देव तेवढा ज्याचा त्याचा कोरावा लागतो. तो तू कोरलास. मी रडले होते त्या दिवशी, तुला लिहिलं नव्हतं.

मग पोती आली. सणाच्या सकाळी चौकात नाणी वाटली आणि दुपारपर्यंत बाजारात ओरड सुरू झाली. पहिली ओरडली लाल्लिस. तीच, मासेवाली, जिच्या टोपलीतून तू खेकडे सोडून द्यायचास. तिने नाणं उन्हात धरलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "अगं बाई, याची साखळी कुठे आहे?" हर्मीस होता. दिके होती. देव गुडघ्यावर होता. पण हर्मीसच्या हातात काहीच नव्हतं आणि देवाच्या मनगटांवर काहीच नव्हतं. एक देव उगाच गुडघे टेकून बसलाय, मनात आलं तर उठेल. मी धावत घरी जाऊन तुझं नाणं आणलं, तिच्यापुढे धरलं, म्हटलं बघ, आहे साखळी, माझ्या भावाने कोरली आहे. तर म्हणते, "म्हणजे बहिणीला बांधलेला देव आणि आम्हाला मोकळा, होय? छान हो कारागीर." सगळे हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, बापावरचा राग गावावर काढला पोराने. मी भांडले, ओब्री, अगदी पदर खोचून भांडले, पण त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि भ्यालेल्या माणसाला काय समजावणार.

आणि तुला वाटेल नसता बाऊ, पण त्याच आठवड्यात सायप्रसच्या बाजूला परकी शिडं दिसली. नेऑनची होडी खोल पाण्यात गेलेली, ती परत आली नाही. त्याची बायको रोज धक्क्यावर. मग काय विचारतोस. देव सुटलाय. साखळीवाल्या केन्देआसच्या पोराने सोडलाय. भट्टीवर लोक यायचे थांबले. पाणी भरायला गेले की बायका घागरी बाजूला सरकवायच्या. बाजारात ती नाणी कुणी घेईना, आणि ज्याच्याकडे होती तो दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बघायचा, कारण रात्रभर मोकळा देव घरात ठेवायची कुणाची छाती नव्हती. मी बाबांना यातलं काही कळू दिलं नव्हतं. पण आंधळ्या माणसाला बाजार सगळ्यांत आधी ऐकू येतो.

एका सकाळी त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "दे इकडे. त्याचं नाणं." पहिल्यांदाच 'त्याचं' म्हणाले. मी नव्यांतलं एक दिलं. अंगठ्याने चाचपलं, बराच वेळ. मग तू पाठवलेलं मागितलं आणि तेही चाचपलं. आणि मला म्हणाले, "कोरली होती गं त्याने. बारीक कोरली. ठसा भरला असणार, मळ बसला असणार रेघांत. ठोकणाऱ्यांनी पुसला नाही, घाई केली गाढवांनी."  मग अणकुचीदार आरी मागितली. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "पोराचं काम अर्धं राहिलंय."

तर ओब्री, तुझ्या बापाने भट्टीच्या उंबऱ्याजवळच्या दगडावर बसून तुझ्या नाण्यांवर साखळ्या कोरल्या. पहिलं नाणं लाल्लिसचंच. तिने ते चाचपलं, उलटं-सुलटं केलं, आणि टोपलीतला सर्वांत मोठा मासा आमच्या पायरीवर ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी दारात रांग. मी एकेक नाणं हातात द्यायची, ते डाव्या अंगठ्याने देवाची मनगटं शोधायचे, नख तिथेच रोवायचे आणि नखाच्या कडेने आरी चालवायचे. कडी, कडी, कडी. दिसत नसूनही एकसारख्या. लोक विचारायचे, "बांधलाय का?" आणि बाबा मान वर न करता, "बांधलाय." इतके सुखात मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ज्यांना रांगेत उभं राहायचा कंटाळा त्यांनी घरीच खिळ्याने ओरखडे काढले, ते बघून बाबा नाक मुरडायचे. आणि मग नेऑनची होडी आली. शीड फाटलेलं, मुक्काम कुठे पडला ते त्याचं त्यालाच नीट सांगता येईना, पण आली. त्याची बायको येऊन बाबांच्या पायाशी बसली. त्या दिवशी बाबांनी जेवताना मला सांगितलं, "ओब्रीचा हात चांगला आहे. मान खाली घातलीय देवाने, ते मला सुचलं नसतं." मी हे तुला लिहायला धावले होते, मग वाटलं, पुढच्या सणाला येशील तेव्हा त्यांच्याच तोंडून ऐकशील.

आता ज्याने माझी झोप उडाली ते सांगते. देवाची बाजू वर करायची म्हणजे दुसरी बाजू पालथी पडते. दगडावर. आणि आरीला जोर द्यायचा तर नाणं दगडावर घासतं. आमच्या कुणाच्या, अगदी कुणाच्याही डोक्यात हे आलं नाही. इतकी माणसं रांगेत उभी राहून गेली, इतकी नाणी माझ्या हातून गेली, मी प्रत्येक वेळी देवाचीच बाजू बघितली. मागे सम्राटाचं नाक गेलं, गाल गेला, मुकुटाची पानं गेली, आणि आम्ही सगळे बांधलाय, बांधलाय करत समाधानात. नवा सम्राट, अजून गादीवर नीट बसलेला नाही, पूर्वेकडे दुसरा कुणीतरी स्वतःला सम्राट म्हणवतोय अशी कुजबुज, आणि एका गावातून चेहरा खरवडलेली नाणी मूठमूठभर बाहेर पडतायत. जकातीच्या नाक्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. प्रांताचा अंमलदार शिपाई घेऊन आला तेव्हा आम्हाला वाटलं सणात उभारलेली कमान बघायला आलाय. त्रोकोंदासने स्वागताला बासरीवाले उभे केले होते.

अंमलदार सभ्य माणूस आहे. खोकला आहे त्याला, सारखा मधाचं पाणी पितो. आवाज चढवत नाही. मला आरडाओरडा करणाऱ्यांची एवढी भीती वाटत नाही जेवढी याची वाटते. त्याने चौकात, आरेसच्या समोरच मेज मांडलं, घराघरातून नाणी मागवली आणि दोन ढीग केले. एकात खिळ्याचे ओरखडे. दुसऱ्यात बाबांच्या साखळ्या. पहिल्या ढिगाकडे त्याने पाहिलंही नाही. म्हणाला, "ही अडाण्यांची कामं. पण ही दुसरी एकाच हाताची आहेत, शिकलेल्या हाताची. एकाच माणसाने शेकड्याने सम्राटाचं तोंड मोडलंय. कोण तो?" त्रोकोंदासने साखळीचं, कौलाचं, चाच्यांचं सगळं सांगितलं. अंमलदार शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "देवाला बांधायचं निमित्त चांगलं आहे. मी असतो तर मलाही सुचलं असतं."

आणि आपलं गाव, ओब्री, ज्याने माझ्यासमोरून घागरी सरकवल्या होत्या, त्या गावाच्या तोंडाला कुलूप.  अंमलदाराने नेमकं लाल्लिसला विचारलं, तर म्हणते, "उंदरांनी कुरतडलं असेल, सरकार. आमच्याकडचे उंदीर फार देवभोळे." कुणी हसलं नाही, मीसुद्धा नाही, पण मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. अंमलदाराने तिची टोपली उलटी करायला लावली, मासे चौकभर. मग म्हणाला, उद्या सकाळपर्यंत नाव हवं. नाही आलं तर त्रोकोंदास आणि सभेतले सगळे प्रांताधिपतीकडे तार्सुसला, आणि गावाचा नाणी पाडायचा हक्क संपला, सण संपला, आणि ही मूर्तीही उचलून नेऊ, कारण सगळ्या खोडीचं मूळ हीच. मूर्ती उचलून नेऊ म्हणाला. चौकात माणसांनी श्वास धरलेला मला ऐकू आला.

सकाळी कुणीतरी बोललं असतं. मी त्यांना दोष देत नाही, नेऑनला तीन मुलं आहेत. आणि कुणी नाही बोललं तर बाबा स्वतः बोलले असते. त्यांना मी घरात ठेवलं होतं, लाल्लिसच्या लेकीला सोबत बसवून. त्यांना अजून वाटतं की प्रांताचा बडा अंमलदार तुझ्या नाण्याचं कौतुक करायला आलाय. "मला का नेलं नाहीस चौकात?" म्हणून रुसले आहेत. त्यांना बोलावलं असतं तर छाती काढून म्हणाले असते, हो, मीच, पोराचं राहिलेलं काम मी पुरं केलं. शंभर लोकांत म्हणाले असते. आणि ज्या चेहऱ्यासाठी त्यांना धरलं असतं तो त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. त्यांच्या लेखी त्या नाण्याला एकच बाजू होती, तुझी.

म्हणून आज उजाडताच मी गेले आणि म्हटलं, मी कोरल्या. अंमलदार माझ्याकडे बघून हसला. बाई? मग त्याने एक साखळी नसलेलं नाणं माझ्यापुढे सरकवलं आणि आरी दिली. "दाखव." तुला माहीत नसेल, पण गेली काही वर्षं समुद्र उघडायच्या दिवशी हातोडी बाबांच्या हातात असते आणि बाबांचा हात माझ्या हातात. कुठली कडी झिजली ते मी बघते, कान तेवढे त्यांचे. कडी कशी पडते ते माझ्या हाताला पाठ आहे. मी आरी घेतली. अंगावर शाल होती, तिची घडी नाण्याखाली घेतली असती तर सम्राटाचा चेहरा वाचला असता. पण मग त्या ढिगाशी हात जुळला नसता. मी नाणं पालथं घातलं, आरेसच्या चौथऱ्याच्या दगडावरच, आणि अंगठ्याने देवाची मनगटं शोधली.  मग एकेक कडी पाडत गेले. खाली काय घासतंय ते मला चांगलं ऐकू येत होतं. अंमलदारालाही येत होतं, त्याने खोकणं थांबवलं होतं. झाल्यावर मी नाणं उलटं न करताच त्याच्या हातात दिलं. पायऱ्यांवर सगळं गाव उभं होतं, ज्यांनी बाबांना कोरताना स्वतः पाहिलंय तेही. कुणी काही म्हणालं नाही. त्रोकोंदास खाली बघत होता. लाल्लिस रडत होती, आणि ती रडताना जशी दिसते तशी कुणाला कधीच दिसू नये.

तर हे पत्र इंदासच्या होडीने येणारे बाबाच तुझ्या हातात देतील, आणि त्यात काय आहे ते त्यांना माहीत नाही. दारातला शिपाई माझ्यासाठी आहे. इंदासची होडी पश्चिमेला सुटली की मला पूर्वेला नेतील, तार्सुसला, प्रांताधिपतीसमोर. पुढे काय ते अंमलदार सांगत नाही, मधाचं पाणी पितो. मला भीती वाटते, ओब्री, पण हे पान संपेपर्यंत मी ती बाजूला ठेवलीय. बाबांना मी सांगितलंय की तू बोलावलंस. नवा ठसा पाडायचाय, साखळी नीट कशी कोरायची ते तुला कळत नाही, बाबांशिवाय अडलंय असा तुझा निरोप आला, असं सांगितलंय. त्यांनी लगेच उठून आरी आणि हातोडी फडक्यात बांधली, मग ते फडकं दोनदा सोडून पुन्हा बांधलं, आणि आत्ता चपला घालून दारात बसलेत, शिपायाला साखळीचं लोखंड कसं ओळखावं ते शिकवतायत. म्हणून ते तुझ्या दारात आले की तब्येत विचारायच्या आधी साखळीचं विचार. नवा ठसा खरंच घे, आणि त्यांचा अंगठा देवाच्या मनगटांवर ठेवून, ते सांगतील तेवढी खोल कोर, मळ बसला तरी बुजणार नाही अशी. माझं विचारलं तर मी तार्सुसला कामाला गेलेय म्हण, मोठं काम आहे, वेळ लागेल. आणि संध्याकाळी ते आडवे झाले की विचारतील, "बांधलाय ना?" तेव्हा हातातलं काम सोडून लगेच उत्तर दे. जरा उशीर झाला की ते उठून बसतात, आणि मग त्यांना झोप लागत नाही.

तुझीच,
उलट्या अक्षरांची ताई,
नीनैस